दोन राजधान्यांचा कारभार



मागच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आपल्या गल्लीतली एक शाळकरी मुलगी आईसोबत आली होती. तिळगूळ खाता खाता तिने मला विचारले, "काकू, राजधानी मुंबई आहे, असं पुस्तकात लिहिलं आहे. मग सरकार दरवर्षी नागपूरला कशाला येतं? आमची बस बर्डीत दीड तास अडकून पडली होती." सगळ्या बायका हसल्या. मी मात्र गप्प झाले. तिच्या प्रश्नाचे उत्तर आमच्या घरात एका जुन्या पत्र्याच्या ट्रंकेत पडलेले आहे. ते एका वाक्यात सांगण्यासारखे नव्हते. स्मरणिकेसाठी काही तरी लिहा, असा अध्यक्षीणबाईंचा निरोप आला तेव्हा म्हटले, तेच उत्तर सावकाश लिहावे.

ती ट्रंक माझ्या आजेसासऱ्यांची. ते नागपूरच्या सचिवालयात दफ्तरी होते. दफ्तरी म्हणजे साहेब नव्हे, कारकूनही नव्हे. फायली शिवायच्या, त्यांना क्रमांक लावायचे, जुन्या कागदांचे रुमाल बांधून फडताळात ठेवायचे आणि मागतील तेव्हा नेमका रुमाल काढून द्यायचा, हे त्यांचे काम. मी लग्न होऊन वाडीला आले तेव्हा ते हयात नव्हते. पण माझ्या आजेसासूबाई होत्या. आम्ही त्यांना मोठ्याआई म्हणत असू. राज्य कसे चालते हे मी पुस्तकात वाचले ते नंतर, मुलीचा नागरिकशास्त्राचा अभ्यास घेताना. आधी ऐकले ते मोठ्याआईंच्या तोंडून, भाजी निवडताना.

नागपूर ही राजधानी कशी झाली, तिथून आरंभ केला पाहिजे. १८५३ च्या डिसेंबरात तिसरे रघूजी भोसले वारले. पोटी मुलगा नाही, म्हणून इंग्रजांनी दत्तक अमान्य करून १८५४ साली राज्य खालसा केले. पुढे १८६१ साली नागपूरचा मुलूख आणि सागर-नर्मदेकडचा मुलूख एकत्र करून 'मध्यप्रांत' नावाचा प्रांत बनवला आणि त्याची राजधानी नागपूर ठरवली. १९०३ साली वऱ्हाडही त्याला जोडले. अर्धा मुलूख मराठी, अर्धा हिंदी, असा तो प्रांत होता. त्याच्या माथ्यावर चीफ कमिशनर बसत असे. १९२० पासून त्या जागी गव्हर्नर आला. उन्हाळा सुरू झाला की हे सगळे सरकार फायलींच्या पेट्या घेऊन पचमढीला जाई आणि पाऊस पडला की परत येई. म्हणजे सरकारने बिऱ्हाड हलवणे नागपूरला काही नवे नाही. फरक इतकाच की तेव्हा ते नागपूरहून निघत असे आणि आता ते नागपूरला येते!

१९१४ साली या प्रांतात विधिमंडळ म्हणजे कौन्सिल सुरू झाले. आरंभी त्याला अधिकार थोडेच होते. १९१९ च्या कायद्याने शिक्षण, आरोग्य, स्थानिक संस्था असली खाती हिंदी मंत्र्यांकडे आणि पैसा, पोलीस, जमीनमहसूल गव्हर्नराकडे, अशी वाटणी झाली. एका घरात दोन चुली, तसला तो प्रकार होता. नागपूरच्या कौन्सिलात १९२३ च्या निवडणुकीनंतर स्वराज्य पक्षाचे बहुमत झाले. त्यांनी १९२४ साली काय करावे? मंत्र्यांचा वर्षाचा पगार दोन रुपये मंजूर केला! मंत्र्यांना राजीनामे द्यावे लागले. मला ही गोष्ट फार आवडते. घरात कर्ता पुरुष कोणीही असो, डब्यातले पैसे ज्याच्या हाती त्याचे चालते, हे आपल्याला कोणी शिकवावे लागत नाही. राज्यातही तसेच आहे. सरकारने कितीही मोठी योजना काढली तरी विधानसभेने मंजूर केल्यावाचून तिजोरीतला पैसा खर्च करता येत नाही. पैशाच्या विधेयकावर शेवटचा शब्द विधानसभेचाच. वरचे सभागृह, म्हणजे विधान परिषद, ते जास्तीत जास्त १४ दिवस आपल्याकडे ठेवू शकते, अडवू शकत नाही.

१९३७ साली नव्या कायद्याने प्रांताची विधानसभा निवडून आली. ११२ सभासदांचे एकच सभागृह होते. काँग्रेसचे बहुमत आले आणि नागपूरचे डॉ. नारायण भास्कर खरे 'पंतप्रधान' झाले. प्रांताच्या मुख्य मंत्र्याला तेव्हा पंतप्रधानच म्हणत. मोठ्याआई "आपल्या नागपुरात पंतप्रधान राहत होते" असे म्हणत, तेव्हा मला वाटे की म्हातारपणी त्यांचा गोंधळ होतो आहे. गोंधळ माझाच होता.

याच विधानसभेच्या उपाध्यक्षा, म्हणजे डेप्युटी स्पीकर, कोण होत्या हे आपल्या मंडळातल्या किती जणींना ठाऊक आहे? अनसूयाबाई काळे. १९३७ साली! कितीतरी घरांतल्या बायका चारचौघांत नवऱ्याचे नाव घ्यायला लाजत असत, त्या काळात नागपूरच्या सभागृहात एक बाई त्या खुर्चीवर बसून पुरुषांना "आता खाली बसा" म्हणून सांगत होती. पुढे १९४२ च्या आष्टी-चिमूरच्या उठावात ज्यांना फाशीची शिक्षा झाली, त्यांचे प्राण वाचावेत म्हणून त्यांनी जिवाचे रान केले. स्वातंत्र्यानंतर त्या नागपूरच्या खासदारही झाल्या.

डॉ. खऱ्यांचे मंत्रिमंडळ वर्षभरच टिकले. ते कसे पडले, यात राज्यकारभाराचा एक मोठा धडा आहे. मंत्र्यामंत्र्यांत पटेना. मराठी भागाचे आणि महाकोशलाचे असे दोन तट पडले. जुलै १९३८ मध्ये डॉ. खऱ्यांनी स्वतःचा राजीनामा दिला आणि सहकाऱ्यांनाही द्यायला सांगितले. मराठी मंत्र्यांनी दिला. रविशंकर शुक्ल, द्वारकाप्रसाद मिश्र वगैरेंनी वरून हुकूम नाही म्हणून नकार दिला. तेव्हा गव्हर्नराने त्यांना बडतर्फ केले आणि डॉ. खऱ्यांनी लगेच नवे मंत्रिमंडळ बनवले. पण पक्षश्रेष्ठी रुष्ट झाले, चार दिवसांत डॉ. खऱ्यांना पुन्हा राजीनामा द्यावा लागला आणि शुक्लजी पंतप्रधान झाले. मंत्रिमंडळ ही एक मोळी आहे. मुख्यमंत्री ही तिची दोरी. दोरी सुटली की एकेक लाकूड वेगळे उभे राहू शकत नाही. आजही मुख्यमंत्र्याने राजीनामा दिला म्हणजे सगळे मंत्रिमंडळ गेले असे धरतात. त्या वेळी जी मराठी आणि हिंदी भागांत फूट दिसली, ती पुढेही बुजली नाही. त्याच १९३८ साली नागपूरच्या विधानसभेत वेगळ्या महाविदर्भ प्रांताचा ठराव झाला होता.

स्वातंत्र्य आले. १९५० साली प्रांताचे नाव मध्यप्रदेश झाले, राजधानी नागपूरच राहिली, मुख्यमंत्री शुक्लजी. आजेसासरे तेव्हा ऐन तिशीच्या आत. सिव्हिल लाइन्समध्ये सायकलने जायचे, जेवणाचा डबा मोठ्याआई द्यायच्या. दोघांनाही वाटले, जन्म असाच जाईल.

पण भाषावार राज्यांची हाक सगळीकडे उठली होती. २८ सप्टेंबर १९५३ रोजी नागपूर करार झाला. त्यावर यशवंतराव चव्हाण, भाऊसाहेब हिरे यांच्या, आणि आपल्या भागातले रा. कृ. पाटील, रामराव देशमुख, गोपाळराव खेडकर, शेषराव वानखेडे अशा पुढाऱ्यांच्या सह्या आहेत. अकरा कलमे होती. मराठी माणसांचे एक राज्य करावे, राजधानी मुंबई असावी, उच्च न्यायालयाचे एक पीठ नागपूरला असावे, पैसा लोकसंख्येच्या प्रमाणात वाटावा, नोकऱ्यांत आणि मंत्रिमंडळात सगळ्या भागांना वाटा मिळावा, आणि सरकारने दरवर्षी काही काळ नागपूरला येऊन राहावे व विधिमंडळाचे निदान एक अधिवेशन इथे भरवावे. हे शेवटचे कलम म्हणजे त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर. हा करार काही विधिमंडळाचा कायदा नव्हता. लग्नाच्या बैठकीत व्याह्यांनी एकमेकांना दिलेला शब्द असतो ना, तसा तो होता.

पुढे केंद्र सरकारने नेमलेल्या फाजल अली आयोगाने १९५५ साली अहवाल दिला, त्यात विदर्भाचे वेगळे राज्य करावे अशी शिफारस होती. ती मानली गेली नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भाचे आठ मराठी जिल्हे द्विभाषिक मुंबई राज्यात गेले, उरलेला मध्यप्रदेश भोपाळला गेला. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र झाला. आमच्या घरात यावर दोन मते होती. आजेसासरे मराठी राज्याच्या बाजूचे. मोठ्याआई शेवटपर्यंत म्हणत, "आपलं वेगळंच बरं होतं." मी कोणाची बाजू घेत नाही. दोघेही प्रामाणिक होते, एवढे मात्र खरे.

राजधानी जाते म्हणजे नेमके काय जाते? इमारती तर जागच्या जागी असतात. मोठ्याआई सांगत की १९५६ च्या दिवाळीच्या सुमारास आजेसासरे रात्री उशिरा घरी येत आणि हाताला डिंकाचा नि जुन्या कागदांचा वास असे. फायलींची वाटणी चालली होती. जबलपूर, रायपूर, बिलासपूरचे कागद भोपाळचे. चांदा, भंडारा, यवतमाळचे कागद मुंबईचे. जे कागद दोन्हीकडे लागणार त्यांच्या नकला. भावाभावांच्या वाटणीत भांडी मोजतात तसे रुमाल मोजत होते. माणसांचीही वाटणी झाली. कोणाला भोपाळ आले, कोणाला मुंबई, कोणी नागपूरच्याच कचेऱ्यांत राहिले. शेजारचे एक हिंदी भाषिक कारकून सहकुटुंब भोपाळला गेले, त्यांच्या बायकोने मोठ्याआईंना जाताना आपली तुळस दिली. आजेसासऱ्यांच्या वाट्याला मुंबई आली. तिकडे बिऱ्हाड करणे परवडणारे नव्हते. ते एका खोलीत आणखी चार नागपूरकरांबरोबर राहिले, आणि मोठ्याआई मुलांना घेऊन इकडे. माझे सासरे तेव्हा सहा वर्षांचे होते. वडिलांनी जाताना ट्रंकेवर स्वतःचे नाव आणि 'नागपूर' असे पांढऱ्या रंगाने लिहिले, ते अजून वाचता येते.

मुंबईचे सचिवालय म्हणजे आजचे मंत्रालय. नाव १९७५ साली बदलले. त्याच्या आत सरकार कसे चालते ते आजेसासऱ्यांनी मोठ्याआईंना आणि त्यांनी मला जे सांगितले, ते पुस्तकातल्यापेक्षा सोपे आहे. कागद आधी खालच्या टेबलावर येतो. तिथला साहाय्यक त्याला जुने संदर्भ लावून टिप्पणी लिहितो. मग कक्ष अधिकारी, अवर सचिव, उपसचिव, सचिव असा तो पायरी पायरीने वर चढतो. पैशाची बाब असेल तर वित्त विभागाकडे, कायद्याची असेल तर विधी विभागाकडे वळसा घालतो. शेवटी मंत्री. बाब मोठी असेल तर मुख्यमंत्री आणि मंत्रिमंडळाची बैठक. सही झाली की फाईल त्याच पायऱ्या उतरून खाली येते आणि शासन निर्णय निघतो. सगळ्या सचिवांच्या वर मुख्य सचिव. महाराष्ट्रात या खुर्चीवर पहिली स्त्री बसायला २०२४ साल उजाडावे लागले, सुजाता सौनिक त्यांचे नाव. मंत्री पाच वर्षांसाठी येतात, कधी त्याआधीच जातात. सचिव आणि कारकून राहतात. आणि त्यांच्याही मागे कागद राहतो. २१ जून २०१२ रोजी मंत्रालयाला आग लागली, तेव्हा दूरदर्शनसमोर बसून मोठ्याआई माणसांसाठी हळहळल्याच, पण थोड्या वेळाने म्हणाल्या, "आणि ते रुमाल गं?"

शासन निर्णयाच्या शेवटी एक ओळ असते, ती कधी वाचली आहे का? आदेश काढतो सचिवालयातला अधिकारी, पण खाली लिहिलेले असते की तो राज्यपालांच्या आदेशानुसार व नावाने काढला आहे. राज्यपालांना राष्ट्रपती नेमतात. राज्य त्यांच्या नावाने चालते, पण ते चालवतात मंत्री, आणि मंत्री जबाबदार असतात विधानसभेला. लग्नपत्रिकेवर निमंत्रक म्हणून घरातल्या सर्वांत वडील माणसाचे नाव असते, धावपळ मुलेसुना करतात, तसेच समजा. अर्थात बहुमत कोणाचे हे स्पष्ट नसेल तर त्या वडील माणसाच्या शब्दाला एकाएकी फार वजन येते, हेही आपण पाहिलेले आहे. विजयालक्ष्मी पंडित या १९६२ साली महाराष्ट्राच्या राज्यपाल झाल्या होत्या.

आता नागपूरच्या अधिवेशनाकडे येते. करारातला शब्द पाळून नोव्हेंबर १९६० मध्ये महाराष्ट्र विधिमंडळाचे पहिले नागपूर अधिवेशन भरले. आजेसासरे मुंबईहून फायलींच्या पेट्यांबरोबर आले. पुढे वीस वर्षे बहुतेक हिवाळ्यांत हाच क्रम. उन्हाळ्याची रजा आणि हिवाळ्याचे अधिवेशन, एवढाच त्यांचा संसार. मोठ्याआई सांगत, "लोकायच्या गावात सरकार येत होतं, माह्या घरी माणूस येत होता." अधिवेशन लांबावे म्हणून त्या गणपतीला नारळ बोलत असत. विरोधी पक्षाने गोंधळ घातला, कामकाज तहकूब झाले, असे कानावर आले की त्यांना बरे वाटे. दिवस वाढले तर वाढले!

अधिवेशन आले की सिव्हिल लाइन्स कशी बदलते हे आपण दरवर्षी पाहतो. रस्त्याचे खड्डे बुजतात, दुभाजकांना रंग लागतो. मुख्यमंत्री रामगिरीवर उतरतात, मंत्री रविभवनात, राज्यमंत्री नागभवनात, आमदार आमदार निवासात, कर्मचारी १६० गाळ्यांत. हैदराबाद हाऊसमध्ये मुख्यमंत्र्यांचे सचिवालय बसते. विधानसभेचे २८८ आमदार आपण निवडून देतो. आपली वाडी हिंगणा मतदारसंघात येते. विधान परिषदेचे ७८ सभासद मात्र निरनिराळ्या वाटांनी येतात. ३० जणांना आमदार निवडतात, २२ जणांना नगरपरिषदा, महापालिका, जिल्हा परिषदा यांचे सभासद, पदवीधर ७, शिक्षक ७, आणि १२ जण राज्यपाल नेमतात. सकाळी प्रश्नोत्तरांचा तास असतो. तारांकित प्रश्नाला मंत्र्याला उभे राहून उत्तर द्यावे लागते, आणि त्या उत्तरासाठी खालच्या टेबलावरचा साहाय्यक रात्रभर जागलेला असतो. मुख्य अंदाजपत्रक वसंतात मुंबईला मांडतात. नागपूरला येतात त्या पुरवणी मागण्या, म्हणजे दिवाळीनंतर आपण "यंदा खर्च वाढला हो" म्हणून घरात मागतो तसले वाढीव पैसे.

२०१८ साली हिवाळ्याऐवजी पावसाळी अधिवेशन इथे घेतले, तर ६ जुलैला असा पाऊस झाला की विधानभवनाच्या वीजयंत्रणेत पाणी शिरले, दिवे गेले आणि कामकाज तहकूब करावे लागले. नागपूरचा जुलै आणि नागपूरचा डिसेंबर यांतला फरक मुंबईकरांना तेव्हा कळला. २०२० आणि २०२१ साली करोनामुळे सरकार आलेच नाही. मोठ्याआई तोवर गेल्या होत्या.

आपल्याही मंडळाने एकदा सरकारदरबारी पाऊल टाकले होते, ते जुन्या सभासदांना आठवत असेल. गल्लीतल्या नालीचा अर्ज घेऊन आम्ही सात जणी अधिवेशनात रविभवनावर गेलो होतो. तीन तास थंडीत उभ्या राहिलो. शेवटी मंत्रीमहोदय आले, अर्ज वाचला आणि त्यावर लिहिले, 'तपासून कार्यवाही करावी'. आम्हाला वाटले, झालीच नाली. परत येताना बर्डीवर संत्र्याची बर्फी घेतली. पुढे आठ महिन्यांनी अर्जाची नक्कल आली, तिच्यावर सहा कचेऱ्यांचे शिक्के होते. तो मुंबईला जाऊन, विभागातून, जिल्ह्यातून उतरत उतरत अखेर आपल्याच गावच्या कचेरीत येऊन पोचला होता, घरापासून दहा मिनिटांच्या वाटेवर. तिथला कारकून भला माणूस. म्हणाला, "ताई, हे आमचंच काम आहे. आधी इथंच आला असता तर?" चूक आमची होती. मंत्र्याची सही म्हणजे हुकूम नव्हे, ती फायलीला दिलेली ढकल असते, आणि कोणते काम कोणाचे हे न पाहता ढकल दिली की फाईल लांबचा फेरा घेते.

खरे तर वाडीच्या चौकात उभे राहिले की तिन्ही सरकारे डोळ्यांपुढे दिसतात. अमरावतीकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग आणि पलीकडची आयुध निर्माणी ही केंद्राची. पोलीस ठाणे, तलाठी, जमिनीचा सातबारा हे राज्याचे. नळ, नाली, दिवा, कचरा हे नगरपरिषदेचे. आपली वाडी एके काळी ग्रामपंचायत होती, आता नगरपरिषद आहे. आणि २०११ पासून महाराष्ट्रात या स्थानिक संस्थांमध्ये निम्म्या जागा बायकांना राखून आहेत. तोही कायदा केला राज्याच्याच विधिमंडळाने.

कायदा म्हटला की मला १९९४ साल आठवते. त्या वर्षी महाराष्ट्राने हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती करून वडिलोपार्जित एकत्र मिळकतीत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क दिला. २२ जून १९९४ पासून तो लागू झाला. ज्या मुलींची लग्ने त्याआधी झाली होती त्यांना मात्र तो मिळाला नाही. वारसा हा विषय असा आहे की केंद्रही त्यावर कायदा करू शकते आणि राज्यही. केंद्राचा कायदा आधीच असेल तर राज्याच्या दुरुस्तीला राष्ट्रपतींची संमती लागते. केंद्राने सगळ्या देशासाठी हे केले ते २००५ साली. अकरा वर्षे आपले राज्य पुढे होते.

आणि त्याच १९९४ सालच्या २३ नोव्हेंबरला नागपूरला गोवारी समाजाचा मोर्चा आला होता. आपल्याला आदिवासी म्हणून सवलती मिळाव्यात एवढीच मागणी. खेड्यापाड्यांतून बायका पोरे कडेवर घेऊन, भाकरी बांधून आल्या होत्या. विधानभवनाच्या अलीकडे मोर्चा अडवला गेला. कोणी मंत्री येईल, निवेदन घेईल, म्हणून लोक वाट पाहत राहिले. संध्याकाळी लाठीमार झाला, चेंगराचेंगरी झाली आणि ११४ माणसे मेली. त्यांत बायका आणि लेकरेच जास्त. आदिवासी विकास मंत्री मधुकरराव पिचड यांनी राजीनामा दिला. त्या रात्री आमच्या घरी चूल पेटली नाही, असे मोठ्याआई सांगत. आत सभागृह आणि बाहेर माणसे, यांच्यामधले अंतर किती होते? पायी पाच-दहा मिनिटांचे. पुढे २०१८ साली उच्च न्यायालयाच्या नागपूर पीठाने गोवारींच्या बाजूने निकाल दिला आणि डिसेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. झिरो माइलजवळ त्या ११४ जणांचे स्मारक आहे. बर्डीला जाताना आपण सगळ्या जणी त्याच्यासमोरून जातो.

मग करारातला शब्द पाळला गेला का? अधिवेशन होते, पण ते आता जेमतेम एक-दोन आठवड्यांचे उरले आहे. न्यायालयाचे पीठ आले आणि चांगले चालले आहे. पैशाचे मात्र तसे नाही. १९८४ साली प्रा. वि. म. दांडेकरांच्या समितीने हिशेब मांडला. कोणता भाग किती मागे राहिला त्याचा अनुशेष काढला, तो सगळ्या राज्याचा मिळून सुमारे ३१८६ कोटी रुपये निघाला. त्यांतला सुमारे १२४६ कोटी एकट्या विदर्भाचा. घटनेत १९५६ पासूनच विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र यांच्यासाठी विकास मंडळांची तरतूद होती, ती मंडळे यायला १९९४ साल लागले, आणि एप्रिल २०२० मध्ये त्यांची मुदत संपली. वाटणीतली भांडी मोजून घेतली नाहीत तर पुढे बोलायला तोंड राहत नाही. दांडेकरांनी ती मोजली, हे त्यांचे मोठे उपकार.

आजेसासरे १९८० साली निवृत्त होऊन घरी आले. चोवीस वर्षांनी. मोठ्याआईंना आरंभी माणूस घरात रोज असण्याची सवयच नव्हती, असे त्या हसत सांगत. पण हिवाळा आला की त्यांना चैन पडत नसे. सकाळीच कोट घालून, सायकल काढून ते सिव्हिल लाइन्सला जात. काम काही नाही. विधानभवनाच्या रस्त्याला उभे राहून मुंबईहून आलेल्या पेट्या उतरवताना पाहत, कोणी ओळखीचा दफ्तरी भेटला तर चहा पीत आणि दुपारी परत येत. मोठ्याआई ताट वाढताना विचारत, "काय जी, आलं का सरकार?"

ते म्हणत, "फायली आल्या. मंत्री उद्या येतील."